होणाऱ्या वहिनीला खरं सांगू का?

पत्र थोडक्यात असं: लेखिका ३१ वर्षांच्या, विवाहित, पश्चिम महाराष्ट्रातल्या. माहेरी आई-वडील आणि २७ वर्षांचा धाकटा भाऊ. त्यानं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, चाकणला कंपनीत लागला, पण ती नोकरी टिकली नाही. दोन वर्षांपूर्वी त्याचं प्रेमप्रकरण मोडलं आणि तेव्हापासून तो रोज पितो, असं घरचे सांगतात. प्यायल्यावर वस्तू फोडतो, वडिलांवर हात टाकतो. गेल्या दिवाळीत त्यानं ढकलल्यामुळे आईचं मनगट मोडलं. ‘कबीर सिंग’ हा त्याचा आवडता सिनेमा. तशीच दाढी, तसाच गॉगल, आणि ‘माझं प्रेमही तसंच, रागही तसाच’ हे ठरलेलं वाक्य. आईलाही वाटतं की चांगली मुलगी मिळाली की हाही त्या सिनेमातल्यासारखा सुधारेल. आता स्थळ पक्कं झालंय, महिन्याभरात साखरपुडा आहे. लेखिकेला ‘तू फक्त गप्प बस’ असं बजावण्यात आलंय. आणि अचानक त्या मुलीचाच व्हॉट्सअॅपवर मेसेज आला: ‘ताई, ते दारू पितात असं आमच्या मामांना कुणीतरी सांगितलं. खरं आहे का?’ लेखिकेनं अजून उत्तर दिलेलं नाही. त्या विचारतात, खरं सांगून भावाचं लग्न मोडल्याचं पाप घेऊ का? आणि नाही सांगितलं तर त्या मुलीचं काय?

ताई,

उत्तर आधी देते, कारण तुमच्या हातात दिवस थोडे आहेत. त्या मुलीला खरं सांगा. लग्न करायचं की नाही हे तिनं आणि तिच्या घरच्यांनी ठरवायचं आहे. पण तिनं थेट विचारूनही तुम्ही गप्प राहिलात, तर तो निर्णय तुम्ही तिच्या वतीनं घेऊन टाकलेला असेल.

ती लग्न होऊन येईल तेव्हा तुम्ही तुमच्या सासरी असाल. रात्री उशिरा तो घरी येईल तेव्हा दार उघडायला ती असेल. तुमच्या आईला मुलाची सगळी सवय आहे. कधी बोलायचं नाही, कधी ताट वाढून बाजूला व्हायचं, हे तिला पाठ झालंय. तरीही तिचं मनगट मोडलं. नव्या मुलीला यातलं काहीच ठाऊक नसणार.

‘लग्न मोडल्याचं पाप’ असं तुम्ही लिहिलंय. लग्न मोडलंच तर ते दारूमुळे आणि मारहाणीमुळे मोडेल, तुमच्या उत्तरामुळे नाही. शिवाय लपवून केलेलं लग्न टिकेल, हे तुम्ही सगळ्यांनी गृहीतच धरलंय. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ प्रमाणे, जोडीदाराबद्दलची महत्त्वाची गोष्ट दडवून संमती मिळवली असेल तर लग्न रद्द करून मागता येतं. फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत त्यासाठी अर्ज करावा लागतो. एखादी गोष्ट त्या कलमात बसते की नाही हे कोर्ट ठरवतं. पण हॉल, मानपान, दागिने यांवर कर्ज काढून केलेलं लग्न, सहा महिन्यांत माहेरी परतलेली मुलगी आणि कोर्टाच्या तारखा, हे आपल्या सगळ्यांच्याच नात्यागोत्यात कुठे ना कुठे घडलेलं असतं. त्यात तुमचा भाऊ सुधारलेला असेल का? तो आणखी पीत असेल, आणि आता त्याला प्यायला नवं कारणही मिळालेलं असेल.

मुलीला शक्यतो फोनच करा. मेसेज पुढे पाठवला जातो, त्याचा स्क्रीनशॉट गावभर फिरतो, आणि भावाची बदनामी आपल्याला नको आहे. फोनवर एवढंच बोला: ‘तू विचारलंस ते बरं केलंस. माझा भाऊ रोज पितो. प्यायल्यावर त्यानं बाबांना मारलंय, आईचं मनगट त्याच्या ढकलण्यानं मोडलंय. अजून उपचार सुरू केलेले नाहीत. मला खात्रीनं माहीत आहे तेवढंच सांगते. पुढचं तू आणि तुझे घरचे ठरवा. काहीही ठरवलंस तरी माझ्या मनात तुझ्याबद्दल राग नसेल.’ ‘पण तो मनानं चांगला आहे’ हे वाक्य त्याला जोडू नका. तो मनानं चांगला असेलही. पण मनाचं बोलणं आलं की तिचा प्रश्न बाजूला पडतो आणि तुमच्या भावाला सावरायची जबाबदारी नकळत तिच्या गळ्यात पडते.

फोन करण्याआधी आईला काहीतरी निमित्त काढून तुमच्याकडे घेऊन या. बातमी घरी पोचेल तेव्हा पहिला राग तिच्यावर निघेल. वडिलांनाही काही दिवस काकांकडे किंवा तुमच्याकडे राहता येईल का ते बघा.

आता त्या सिनेमाबद्दल. तो २०१९ साली आला, देशभर तुफान चालला, आणि तुमच्या भावासारखी असंख्य मुलं त्यात स्वतःला बघून आली. पडद्यावरचा नायक सर्जन आहे. प्रेयसीचं लग्न दुसरीकडे लावलं जातं म्हणून तो दारूत बुडतो. आजी गेल्यावर सावरतो. मग प्रेयसी परत मिळते, लग्न होतं आणि सिनेमा संपतो. नेमका जिथून तुमचा प्रश्न सुरू होतो तिथे तो संपतो. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी, बाळ रात्री रडत असताना, पगार झालेला नसताना हा माणूस कसा वागतो, ते कुणी दाखवलेलं नाही. दारू सुटताना शरीराचे जे हाल होतात तेही त्यात नाहीत. आणि ज्याला आई प्रेम म्हणते, त्यात तो त्या मुलीच्या थोबाडीत मारतो हे विसरू नका.

पण त्याच सिनेमात एक प्रसंग आहे आणि तो मला मोलाचा वाटतो. नशेत शस्त्रक्रिया केल्याबद्दल नायकाची चौकशी होते. बरोबरचे त्याला वाचवायला बघतात. तो मात्र प्यायलो होतो हे स्वतः कबूल करतो आणि डॉक्टरकीचा परवाना गमावतो. तुमचा भाऊ या नायकाची दाढी उचलतो, गॉगल उचलतो, राग उचलतो. एखाद्या सकाळी तो शुद्धीत असताना, शेजारी काका किंवा त्याला धाक वाटेल असं कुणी बसलेलं असताना, त्याला या प्रसंगाची आठवण द्या. म्हणा, ‘तिनं मला विचारलंय. मी खोटं बोलणार नाही. तूच तिला सांगितलंस तर जास्त बरं.’ तो सांगेल याची खात्री मी देत नाही. पण खरं बोलायची संधी त्याला एकदा मिळायला हवी. त्यासाठी दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त थांबू नका. आणि त्याच्याशी हे बोलणं सुरक्षित नाही असं वाटलं तर ही पायरी सोडा, सरळ मुलीला फोन करा.

तुमच्या पत्रातलीच एक गोष्ट तुमच्यासमोर ठेवते. तुम्ही लिहिता की प्रेमभंगानंतर तो प्यायला लागला. आणि पुढे सहज लिहून जाता की डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी हॉस्टेलवर दारू सापडली म्हणून वडिलांना बोलावून घेतलं होतं. ती मुलगी तर त्यानंतर खूप उशिरा त्याच्या आयुष्यात आली. मग ती सोडून गेली म्हणून तो प्यायला लागला, की तो पीत होता म्हणून ती सोडून गेली? मला याचं उत्तर माहीत नाही, पण तुमच्या घरात हा प्रश्न कुणीच विचारलेला दिसत नाही. प्रेमभंगाची गोष्ट सगळ्यांच्या सोयीची आहे. एका मुलीनं बिघडवलं म्हटलं की दुसरी मुलगी घडवेल हे ओघानं येतंच.

ही समजूत तुमच्या आईची एकटीची नाही. गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं ते १९१९ साली. सुधाकर तरुण, हुशार वकील. कोर्टात अपमान होतो, तळीराम पहिला पेला हातात देतो आणि पुढे संसाराची धूळधाण होते. त्याची बायको सिंधू काय करत नाही त्याच्यासाठी? दळण दळते, उपाशी राहते, माहेरी चल म्हणणाऱ्या भावाला नकार देते. सुधाकर मध्येच दारू सोडतोही. मग काम मागायला बाहेर पडतो, लोक हिडीसफिडीस करतात आणि तो पुन्हा पेल्याकडे वळतो. शेवटी त्याच्याच हातून मूल जातं, सिंधू जाते, तोही जातो. बायकोच्या निष्ठेनं नवऱ्याची दारू सुटत नाही हे गडकऱ्यांनी इतकं स्पष्ट लिहून ठेवलंय. शंभर वर्षं आपण सिंधूसाठी रडलो, आणि मुलगा प्यायला लागला की त्याच्यासाठी सिंधूसारखीच मुलगी शोधायला निघतो. मला याचा मनापासून संताप येतो. आईवर नाही, या समजुतीवर.

आणखी एक गृहीतक तुमच्या पत्रात पुन्हा पुन्हा येतं: ‘दारू उतरली की तो गरीब गाय आहे, मारतो ती दारू.’ दारूनं तोल सुटतो हे खरंच. पण तुम्हीच लिहिलंय की बारवाल्याची उधारी थकली आहे आणि त्याच्यासमोर हा प्यायलेला असतानाही मान खाली घालून उभा असतो. म्हणजे कुणावर हात टाकायचा नाही, हे नशेतही त्याला कळतं. हात उठतो तो घरात, उलटून मारणार नाहीत अशा माणसांवर. म्हणून दारू आणि मारहाण हे दोन वेगळे प्रश्न धरा. दारू सुटूनही हात उचलणारी माणसं असतात. व्यसनावर उपचार करताना त्याच्या रागावर, मारण्याच्या सवयीवर वेगळं काम व्हायला हवं. समुपदेशकाला मारहाणीचं पहिल्याच भेटीत सांगा, ‘घरातली गोष्ट’ म्हणून दाबू नका.

घरात पुन्हा तसं झालं तर ११२ ला फोन करा. स्वतःच्या मुलासाठी पोलिस बोलवायचे या विचारानं आईचा जीव तुटेल, हे मला समजतं. तरी तिला सांगून ठेवा की कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा फक्त बायकांना नवऱ्याविरुद्ध नाही, एका घरात राहणाऱ्या आईला मुलाविरुद्धही वापरता येतो. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत अर्ज करता येतो, आणि त्यानं मारू नये, त्रास देऊ नये असा आदेश मॅजिस्ट्रेट देऊ शकतात. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे, मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी १५१०० आहे.

आता तुमच्या पत्रातला तो भाग, ज्यानं माझ्या अंगावर काटा आला. तुम्ही तो दोन ओळींत उरकलाय. वडिलांनी चिडून त्याला मागच्या खोलीत कोंडलं. दुसऱ्या दिवशी हात लटपटायला लागले, अंग घामानं भिजलं. तिसऱ्या दिवशी भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणून तो ओरडत होता, तुमच्या काकूंना आत्या म्हणून हाक मारत होता. घरच्यांना ते नाटक वाटलं, कुणी बाहेरचं आहे म्हणालं, आणि शेवटी वडिलांनीच क्वार्टर आणून दिली तेव्हा तो शांत झाला.

ताई, ते नाटक नव्हतं आणि बाहेरचंही काही नव्हतं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम बंद केली की शेवटच्या पेल्यानंतर सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, मळमळ, झोप उडणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भास होतात, माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो, नाडी धावते. यात माणूस दगावू शकतो. तुमच्या भावाचं शरीर दारूवर किती अवलंबून आहे हे त्या खोलीत दिसलं. त्यामुळे त्याची दारू घरी, कोंडून, शपथ घालून बंद करायची नाही. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच बंद व्हायला हवी. तिथे थरथर आणि फिट टाळणारी औषधं ठरावीक दिवस देऊन हळूहळू कमी करतात, आणि ‘बी-१’ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात, कारण दारूनं ते शरीरात कमी पडतं आणि त्याच्या अभावानं मेंदूला इजा होते. पुन्हा कधी भास, फिट किंवा असंबद्ध बोलणं दिसलं तर सरळ सरकारी रुग्णालय गाठा. ‘दारू बंद केल्यावर हे सुरू झालंय’ एवढं एक वाक्य तिथल्या डॉक्टरांना आधी सांगा.

आणि आईनं जाहिरात बघून मागवलेली, आमटीतून देतेय ती पावडर आजच बंद करा. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतींवर, पेपरच्या आतल्या पानावर वर्षानुवर्षं छापून येतात. पुडीत काय आहे ते कुणी सांगत नाही. डायसल्फिराम नावाचं एक खरं औषध आहे. ते घेतलेल्या माणसानं दारू प्यायली तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब खाली जातो. प्रसंगी जिवावर बेततं. म्हणूनच डॉक्टर ते रुग्णाला सगळं समजावून, त्याच्या संमतीनं, तपासण्या करून देतात. तसलं काही त्या पुडीत असेल आणि तुमचा भाऊ जेवून बारमध्ये जात असेल, तर आई न कळत काय करतेय याचा विचार करा. शिवाय हे त्याला कधी कळलं, तर घरच्या अन्नावरचा विश्वास उडेल तो कायमचा.

उपचारांची सुरुवात कुठून करायची, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण अशी पत्रं पाठवणाऱ्या बहुतेकांना तेच हवं असतं. १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्तीसाठीची मोफत हेल्पलाइन आहे. १४४१६ ही ‘टेलिमानस’ची, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन, तिथे मराठीतून बोलता येतं, आणि त्याच्याविषयी तुम्ही बोललात तरी चालतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ असतात. पुण्याचं मुक्तांगण डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलं, पु. ल. देशपांड्यांच्या मदतीनं ते उभं राहिलं. तिथे रुग्णाबरोबर घरच्यांशीही बोलतात. दुसरीकडे कुठे जाणार असाल तर आधी स्वतः जाऊन बघा. मानसोपचारतज्ज्ञ कधी येतात, घरच्यांना भेटू देतात का, नोंदणी आहे का, हे विचारा. ‘आम्ही गाडी घेऊन येतो, पोराला उचलून नेतो’ असं सांगणाऱ्यांना नकार द्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूमुळे होणारे मनोविकारही येतात. माणसाच्या मर्जीविरुद्ध त्याला दाखल करायला त्यात कडक अटी आहेत, आणि साखळीनं बांधायला सक्त मनाई आहे.

तो लगेच तयार होणार नाही. मी पितो ते माझ्या पैशानं, असं म्हणेल. ते खरं नाही, आणि बदल तुमच्या हातात आहे तो इथेच. त्याची उधारी वडील भागवतात, मोटरसायकलचा हप्ता वडील भरतात, ‘पोटात दुखतंय’ असा फोन त्याच्या नव्या मुकादमाला आई करते. हे तिघांनी मिळून ठरवून थांबवा, आणि थांबवणार आहोत हे त्याला शुद्धीत असताना आधी सांगा. जेवण, कपडे, डॉक्टरची फी, दवाखान्यापर्यंतची सोबत, हे सगळं मिळेल. दारूचे पैसे आणि दारूसाठीचं खोटं मिळणार नाही. बोलताना ‘तू वाया गेलास’ म्हणू नका. ‘अमुक दिवशी आईचं मनगट मोडलं, तिला अजून कणीक मळता येत नाही’ असं घडलेलं सांगा. प्यायलेला असताना एक शब्दही वाद घालू नका.

उपचारानंतर तो पुन्हा घसरला तर सगळं फुकट गेलं असं समजू नका. हा आजार मधुमेहासारखा सांभाळत न्यावा लागतो, आणि घसरण झाली की डॉक्टरांकडे परत जायचं असतं. ओढ कमी करणारी औषधं आहेत, दारू सोडू पाहणाऱ्यांनीच चालवलेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मराठी सभा आहेत, त्यांना फी नाही. सुरुवातीचे महिने त्याला घरात रिकामा बसू देऊ नका. पण काम मिळालं नाही, कुणी टोमणा मारला, तर काय करायचं हे त्याच्याशी आधीच बोलून ठेवा. लग्नाचा विषय मात्र तूर्त बंद. किती काळ बंद, हे त्याचे डॉक्टर आणि त्याचं वागणं बघून ठरवा, पंचांग बघून नाही. आणि पुढे कधी एखादी मुलगी सगळं माहीत असून त्याला हो म्हणाली, तर तो तिचा निर्णय असेल.

आई तुम्हाला वैरीण म्हणाली, हे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय. तिच्याशी भांडू नका. तिला स्वतःसाठी आधाराची गरज आहे, आणि ती तिला कुणी कधी विचारलेली नाही. दारुड्याच्या घरच्यांसाठी अॅल-अॅनॉन म्हणून गट चालतात. तिथे नाव-गाव सांगावं लागत नाही, पैसे लागत नाहीत. दारू आपण लावली नाही, आपल्या ताब्यात ती नाही आणि आपण ती बरी करू शकत नाही, एवढ्या तीन गोष्टी तिथे बायका एकमेकींना पुन्हा पुन्हा सांगतात. आई तुमच्याकडे राहायला आली की जवळची सभा कुठे भरते ते शोधा आणि तिला घेऊन जा. पहिल्या वेळी ती बहुधा काही बोलणार नाही, पदर तोंडाला लावून बसेल, बाहेर आल्यावर ‘कशाला आणलंस’ म्हणून तुमच्यावर चिडेलही. तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा न्या.